माझ्या लग्नाची वेळ मी काढली

गणित घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस मुळशी खोऱ्यातल्या आमच्या गावात माझ्याआधी कुणी नव्हता, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची मी पुरेपूर काळजी घेत असे. चहा पितानासुद्धा मी बशीच्या परिघाबद्दल बोलायचो. लोक बिचारे ऐकून घेत.

त्याच हुशारीवर माझं लग्न जमलं. मुलगी नेरे गावची. तिच्या मामांनी मला पाहून जाहीर केलं, "पोरगं गणितात लई हुशार हाय. आमच्या पोरीचं भलं हुईल." मुलीला मी एकदाच पाहिलं होतं आणि तेवढ्यात माझा जीव तिच्यावर जडला होता. हे मी कुणाजवळ बोललो नाही. गणितवाल्याला ते शोभलं नसतं.

नेऱ्याच्या भटजींनी मुहूर्त काढून निरोप धाडला. जुन्या रीतीप्रमाणे तो घटकांत होता. सूर्योदयापासून घटका मोजायच्या. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. आमच्या गावच्या भटजींनी पंचांगातला पुण्याचा सूर्योदय बघून घड्याळाची वेळ तिथल्या तिथे सांगितली असती. पण घरात बी.एस्सी. असताना भटजींना कशाला त्रास? शिवाय मला एक शंका आली. आम्ही पुण्याच्या पश्चिमेला, म्हणजे सूर्य आमच्याकडे उशिरा उगवणार. शंका अगदी बरोबर होती. फरक जेमतेम मिनिटभराचा होता, एवढंच.

शाळामास्तरांचं घड्याळ उसनं घेऊन मी पहाटे खळ्यावर जाऊन उभा राहिलो. पूर्वेचा डोंगर उजळला, आकाश पांढरं झालं, आणि बऱ्याच वेळानं डोंगरावरून सूर्याची कड दिसली. पंचांगापेक्षा जवळजवळ तासभर उशीर. दुसऱ्या दिवशीही तेच. सूर्य केव्हाच उगवलेला असतो, मध्ये डोंगर आहे म्हणून तो दिसत नाही, हे आमच्या कोंबड्यांनाही कळत होतं. मी मात्र पंचांगाकडे बघून हसलो आणि सगळा मुहूर्त तासभर पुढे नेऊन ठेवला.

माझे वडील, आबा, म्हणाले, "आरं, लगीन हाय. वाईच आधी गेलेलं बरं."

"आबा, हे गणित आहे," मी म्हणालो. "अर्धा तास आधी पोचलो की भरपूर झालं."

ठरल्याप्रमाणे आमच्या बैलगाड्या नेऱ्यात शिरल्या. वाजंत्री मांडवात गप्प बसलेली होती. बायका घोळक्यानं उभ्या होत्या आणि एकीच्याही चेहऱ्यावर लग्नघराचा आनंद दिसत नव्हता. मामा पुढे आले. "आता आलात व्हय? मुहूर्त टळून अर्धा तास झाला!"

"अजून अर्धा तास आहे, मामा," मी हसून सांगितलं. मुंडावळ्या बाजूला सारत मी काडीनं मातीत डोंगर काढला, सूर्य काढला आणि भोवती जमलेल्या मंडळींना आमच्या गावचा सूर्योदय समजावू लागलो.

मामांनी चित्र नीट पाहिलं. "म्हंजी तुमच्या गावात दिवस उशिरा उगावतो?"

"दिवस नाही मामा, सूर्य..."

बोलता बोलता माझी काडी डोंगराशी थांबली. सूर्य मी डोंगराच्या मागे काढला होता. तो तिथे आधीच होता. सगळं माझ्या ध्यानात आलं. तरी इतक्या माणसांपुढे कबूल कसं करायचं? मी म्हणालो, "तसं पाहिलं तर क्षितिजाची व्याख्या जरा अवघड आहे."

"ऱ्हाऊ द्या तुमचं क्षितिज," मामा म्हणाले. "पोरीला इचारतो. ती न्हाई म्हणली, तर गाड्या फिरवा."

ते आत गेले. वैशाखाच्या उन्हात मी मांडवाच्या दाराशी उभा राहिलो. मला फार भीती वाटली. ती नाही म्हणाली असती, तर मीही तिला दोष दिला नसता. बऱ्याच वेळानं मामा बाहेर आले आणि नुसतं म्हणाले, "बसा म्हणती."

भटजींनी तोडगा काढला. "गोरज मुहूर्त धरू. गुरं रानातून परतली की अक्षता टाकायच्या. त्याला घड्याळ लागत नाही." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. जेवणं अक्षतांनंतर, त्यामुळे अख्खं गाव उपाशीपोटी माझ्याकडे बघत बसलं. जो येई तो उशिराचं कारण विचारी आणि मी प्रत्येकाला क्षितिज सांगत राहिलो.

गुरं आली. मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला आणि ती समोर दिसली. डोळे रडून सुजले होते आणि पावडरीवर ओघळ उमटले होते. हार हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"घाल बाई," भटजी म्हणाले.

तिनं घातला नाही. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुमी येतच न्हाई."

क्षितिज माझ्या अगदी जिभेवर होतं. दिवसभर सांगून सांगून पाठ झालं होतं.

"चुकलो," मी म्हणालो.

मग तिनं हार घातला.