भिवाशेठची सून आणि बारा लाखांचं बजेट

बजेट म्हटलं की लोक बेरीज करायला बसतात आणि तिथंच फसतात. मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात कॉस्टिंग खात्यात सगळी नोकरी काढली. बेरीज कुणालाही जमते. कुठला खर्च लिहायचा राहून गेलाय, हे ज्याला सुचतं तो खरा बजेटवाला. अशी माणसं मला नोकरीत फार भेटली नाहीत. एक भेटली ती निवृत्तीनंतर, शीळफाट्याला, एका मंडपवाल्याच्या घरात. तिचं नाव दर्शना.

निवृत्त झाल्यावर मी वर्तकनगरच्या घरात बायकोच्या स्वयंपाकघरातल्या खर्चावर देखरेख करू लागलो. महिनाभर तिनं सोसलं. मग तिच्याच ओळखीतून मला भिवाशेठकडे हिशेब बघायला धाडून दिलं. तिथं मी 'मोकाशी काका' झालो आणि घरात शांतता झाली.

भिवाशेठ या भागातले जुने आगरी. वाडवडिलांची भातशेती आणि मिठागर. त्यांची आई तुळसाबाई गावातल्या लग्नांना भांडी भाड्यानं द्यायची, त्यातून हा धंदा वाढला: मंडप, खुर्च्या, स्टेज, जनरेटर आणि वर केटरिंग. शीळफाट्याला गोदामं, डोंबिवलीला ऑफिस, कल्याणला हॉल. आई गेली, पण बोर्डावर अजून तिचंच नाव, 'तुळसा मंडप'. दर्शना ही शेठची सून. बी.कॉम. झालेली, लग्नाआधी ठाण्यात एका कंपनीत अकाउंट्सला होती. नवरा विकी टेम्पो आणि माणसं सांभाळतो. त्याला कागद दाखवला की जांभई येते. म्हणून ही डोंबिवलीच्या ऑफिसात येऊन बसू लागली. त्या घरातली ऑफिसात खुर्ची टाकून बसणारी पहिली बाई. शेठनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

धंद्याचं सॉफ्टवेअर एका ओळखीच्या मुलानं कधीकाळी बनवून दिलेलं. मुलगा परदेशात गेला आणि फोन उचलेनासा झाला. सॉफ्टवेअर ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचं, तेही मूड असला तर. गोदामाला ऑफिसचं कळत नसे, ऑफिसला हॉलचं. मागच्या सीझनला मोराचं स्टेज एकाच संध्याकाळी दोन गावांतल्या दोन हळदींना कबूल झालं. एकाला ऑफिसनं दिलं, दुसऱ्याला गोदामानं. भिवाशेठ स्वतः नवरीच्या दारात जाऊन हात जोडून उभे राहिले. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं विकीनं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दर्शनानं विषय काढला. बुकिंग, गोदाम, भाडं, पगार, सगळं एकत्र बांधणारं सॉफ्टवेअर घ्यायचं, ज्याला ईआरपी म्हणतात. तिन्ही जागांवर एकच चित्र दिसेल.

शेठनी बराच विचार केला. "बारा लाख," ते म्हणाले. "वर एक रुपया नाय."

"बारात बसवते, बाबा," ती म्हणाली. "वर गेलं तर मी ऑफिसात येणं बंद करते."

हे कुणी विचारलं होतं? मला संताप आला. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, बजेटला कधी स्वतःची मान बांधतात का?"

"काका, नाहीतर ते हो म्हणाले नसते," ती म्हणाली. "आणि खुर्ची तशीही पक्की कुठं आहे माझी?"

तिला ते काम मनापासून आवडायचं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. घरी बसली असती तर पोरगी कोमेजून गेली असती.

ठाण्याच्या एका कंपनीचा विनीत नावाचा मुलगा कोटेशन घेऊन आला. चकचकीत बूट, गोड बोलणं आणि आठ लाखांचा आकडा. शेठ खूश झाले. "चार वाचलं," म्हणाले. मी घसा खाकरला. दर्शनानं आठवडाभरानं स्वतःचा तक्ता आणला.

त्या तक्त्यात विनीतचे आठ लाख ही फक्त पहिली ओळ होती. खाली एकेक खर्च उतरत गेला होता. लोकांना शिकवायचा खर्च. शिकताना त्यांची कामं कोण करणार, त्याचा खर्च. गोदामात इंटरनेट नाही, ते घेण्याचा. नवं नीट चालेपर्यंत जुनंही चालू ठेवायचं, म्हणजे काही दिवस प्रत्येक ऑर्डर दोनदा भरायची, त्याचा. जुनी माहिती नव्यात हलवायचे विनीतनं भरमसाट पैसे लावले होते, तिथं मात्र तिनं कात्री चालवली होती. म्हणाली, "घर बदलताना माळ्यावरच्या रद्दीला टेम्पो करतो का आपण? उरलेल्या ऑर्डरी आणि गोदामातला माल, एवढंच न्यायचं. बाकी जुन्या मशीनवर पडू दे, लागलं तर बघू." मला तिची पाठ थोपटावीशी वाटली, पण सवय नाही.

शेवटची ओळ होती 'आयत्या वेळचा खर्च', एक लाख. शेठचं बोट तिथं थांबलं.

"ह्यो कंचा खर्च?"

"तो अजून माहीत नाही, बाबा."

"माहीत नाय तं लिवलंस कशाला?"

कारखान्यात याच ओळीवरून मी साहेबांशी वर्षानुवर्षं भांडलो होतो. रिस्क, टक्केवारी, आलेख, काय काय दाखवलं होतं. दर्शनानं काहीच दाखवलं नाही. म्हणाली, "बाबा, हळदीला पाचशेचं आमंत्रण असलं तर आपण किती माणसांचं रांधतो?"

"सातशेचं."

"वरची दोनशे कोण?"

"त्ये काय म्हाईत. पावना पावन्याला घेऊन येतंय. हलदीला कोन मोजून येतंय क?" एवढं बोलून शेठ थांबले आणि हसले. ओळ राहिली.

बजेट बारात बसलं, असं वाटलं. मग शेठनी मुहूर्त सांगितला. अक्षय तृतीया.

आता हे दुसऱ्या कुठल्या धंद्यात शोभलं असतं. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, नव्या कामाला यापेक्षा चांगला कुठला? पण मंडपवाल्याला त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसते. जितकी लग्नं तितक्या हळदी. खुर्ची घरात नाही, टोप घरात नाही, माणूस घरात नाही. त्या दिवशी नवं सॉफ्टवेअर चालू करायचं म्हणजे भर पंगतीत चूल बदलायची. पण आईच्या वेळेपासून घरातलं प्रत्येक नवं काम त्याच दिवशी सुरू झालेलं. पहिला टेम्पो, पहिलं गोदाम, हॉल. शेठ हटेनात.

विनीतनं नवा हिशेब मांडला. सीझनमध्ये करायचं तर त्याची जादा माणसं तिन्ही ठिकाणी बसणार, आपली माणसं ओव्हरटाइमवर शिकणार, गोदामाची मोजणी टेम्पोच्या मागे पळत होणार. आकडा सोळाच्या वर गेला.

तो कागद बघून दर्शनाचा चेहरा उतरला. मीही तिला धीर द्यायचं सोडून विनीतलाच झापलं. बिचाऱ्याचा दोष नव्हता, पण समोर तोच होता. दर्शना त्या दिवशी लवकर घरी गेली. जाताना टेबलाचा खण आवरून गेली, ते बघून मला फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी ती परत आली ती भिंतीवरचं कॅलेंडरच काढून घेऊन. शेठच्या समोर तिनं पितृपक्षावर बोट ठेवलं.

शेठचा चेहरा लाल झाला. "पितरांचे दिवसांत नवीन काम? येरी झालीस क?"

"नवीन काहीच नाही, बाबा. नवीन दसऱ्यालाच. तोपण साडेतीनातलाच आहे ना?" ती अगदी हळू बोलत होती. "पितृपक्षात फक्त जुनं मोजायचं. तेव्हा एकही लग्न नसतं. सगळा माल घरात असतो, माणसं बसून पगार घेतात. ओव्हरटाइम नाही, जादा माणूस नाही. त्याच दिवसांत शिकून घेतील, जुन्या ऑर्डरी नव्यात भरून बघतील. विनीतकडे पण तेव्हा कोणी करारावर सही करायला येत नाही, म्हणून तो कमी घेतोय. आणि तुळसाआजीनं उभं केलेलं मोजायला पितृपक्षाहून चांगले दिवस कुठले?"

शेठ उठून खिडकीपाशी गेले. मी जन्मात एवढी सरळ मांडणी ऐकली नव्हती. महागडा मुहूर्त तिनं मोडला नव्हता, फक्त हलवला होता, आणि ज्या दिवसांना कुणी हात लावत नाही ते दिवस फुकटात मिळवले होते.

"जुनी मशीन तंवर जगंल?" शेठनी पाठमोरं विचारलं.

"रोज संध्याकाळी बुकिंगची प्रिंट काढून तिन्हीकडे पाठवते."

"बरं," शेठ म्हणाले. नवा आकडा बरोबर बारा झाला, आयत्या वेळचा लाख धरून.

जुनी मशीन मे महिन्यात एकदा आडवी झालीच. विकी धावत आला. दर्शनानं कालची प्रिंट त्याच्या हातात दिली आणि टेम्पो वेळेवर सुटले. त्या दिवशी त्यानं तो कागद जांभई न देता वाचला.

पितृपक्षात मोजणी सुरू झाली. गोदामात खुर्च्यांचे मनोरे, टोप, पराती, समया, सगळं बाहेर अंगणात. शेठ पहिल्या दिवशी नुसतं बघायला आले होते. पाठीमागच्या रांगेतून पोरांनी काळवंडलेला एक तांब्याचा हंडा ओढून काढला. घासल्यावर काठाशी कोरलेलं नाव दिसलं: तुळसा. शेठनी तो मांडीवर घेतला. लग्नात माहेराहून आलेला, म्हणाले. पहिल्यांदा भाड्यानं गेला तोच. शेजारच्या घरच्या लग्नाला पाणी भरायला. आईनं भाडं म्हणून घेतलं होतं एक फणस. ऐकता ऐकता आमची मोजणी थांबली होती, आणि त्या दिवशी दर्शनानंही कुणाला घाई केली नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तिनं वस्तू क्रमांक एकवर तो हंडा टाकला. भाडं: नाही.

त्यानंतर शेठ रोज येऊ लागले. विनीत मुलांना शिकवायचा तेव्हा मागच्या बाकावर बसायचे. पेपर वाचतोय असं दाखवायचे, पण पान उलटायचे नाहीत.

दसऱ्याला ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना झेंडूचे हार घातले. नारळ फुटला. विनीतनं स्क्रीन उघडली आणि तिन्ही जागांची बुकिंगं एकाखाली एक दिसली. शीळच्या गोदामातून फोन आला, आम्हालाही दिसतंय. विकीनं पोरांना पेढे वाटले. विनीत एकेकाला त्याचा पासवर्ड सांगत होता.

"मना कंचा?" शेठनी विचारलं.

विनीतनं दर्शनाकडे पाहिलं. जितकी माणसं वापरणार तितके पैसे, असा करार होता. यादीत शेठ नव्हतेच. कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यातून शेठचं शिक्षण गावच्या शाळेतलं, मराठीच वाचणार. मराठी स्क्रीनचे पैसे वेगळे. विनीतनं चाचरत आकडा सांगितला. ऐंशी हजार.

शेठचा चेहरा पडला. "नको मंग," ते म्हणाले. "बाराचे वर जात असंल तं ऱ्हाऊ दे. सुनेनं शबूद दिलाय."

"बाबा," दर्शना म्हणाली, "हळदीला आपण किती जास्तीचं रांधतो?"

"दोनशेचं," शेठ म्हणाले.

"ती ओळ तशीच आहे. एक पैसा लागला नाही त्यातला. कोण येणार ते मला माहीत नव्हतं. पण कोणीतरी येणार हे माहीत होतं."

मला चष्मा पुसावा लागला. अगरबत्तीचा धूर फार झाला होता, असं मी विनीतला सांगितलं.

विनीतनं तिथल्या तिथं शेठचं नाव घातलं. स्क्रीनवर मराठी अक्षरं आली. दर्शना उठली आणि तिनं आपली खुर्ची शेठच्या पुढे सरकवली, सासऱ्यांना उभं ठेवून सून बसत नाही त्या घरात.

शेठनी खुर्चीला हात लावला आणि ती परत तिच्याकडे ढकलली.

"बस तू," ते म्हणाले. "ही खुर्ची तुजी." मग दाराकडे वळून विकीला हाक मारली. "ए, खालून गारीतली एक खुर्ची आन मना. आपल्याकरं खुर्च्या कमी हायेत क?"