दुसरीच्या वर्गातला बैल

कोकिळाबाई मास्तरीन देवळीहून आमच्या वडनेरात आली, ते सत्त्याहत्तर साल. देवळीच्या भावानं कितीदा बोलावलं, पन गेली नाई. इथंच तिचे केस पिकले. अंगानं काडी, आवाज बारीक, अन डोक्शात काय भरलं होतं ते देवालेच माहीत. दुसरीचा वर्ग तिच्याकडं. मी एक दिवस नलूले, माह्या पोरीले, सोडाले गेली तं पाहते काय, बाई भुईवर फतकल मारून बसली अन कोपरापर्यंत हात चिखलात! अव माय! मले वाटलं मास्तरीन पडली. उचलाले धावली.

"काही नाही हो शोभाबाई," ती म्हने, "आम्ही वजन शिकतोय."

तराजूच्या एका पारड्यात नलूचा चिखलाचा गोळा, दुसऱ्यात शेजारच्या तानबाचा. पोट्टे भांडत, चिमूटभर काढत, पुन्हा तोलत. एकानं इचारलं, "बाई, बरोबर झालं का?" तं बाई म्हने, "मला काय विचारता? तराजूला विचारा."

"मंग पगार कायचा घेते वं?" मी तोंडावरच म्हनलं. ती हसली. मले अजूनच चीड आली.

येनार नाई तं काय! नलूले शाळेत घालाले मी घरात महाभारत केलतं. आमचे हे, म्हंजे नलूचे बाबा, म्हनत, पोरीच्या जातीले शाळा कायले, गुरं कोन पाहीन? शेवटी कुठं कबूल झाले. "पोळ्यापर्यंत पाहतो. काही शिकली तं ठीक, नाई तं घरी बसवीन." अन हे बाई माह्या पोरीले चिखल तोलाले शिकवून राह्यली!

त्यातच तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात, लोकं हातावर पैसा, खाऊ ठेवतात. ज्याचा बैल त्याच्या घरचा. बाईनं काय करावं? साऱ्या वर्गाचा मिळून एकच बैल! बाहेर पावसाची झड, म्हनून बैल वर्गातच बनवला. कोनी बांबू आनला, कोनी पऱ्हाटीच्या वाळल्या काड्या, कोनी फाटका बारदाना. गवत भरलं, चिखल लिंपला, खाली चाकं लावली. पोट्ट्यायनं सुतळीनं माप घेतलं, पोट दारातून जाते का पाह्यलं, उंची पाह्यली. बैल बुटका पन रुबाबदार. शिंगं सर्वायच्या शेवटी लावली, अन हौसेनं लावली. हौसेच्या कामाचं माप कोन घेते!

सनाच्या दिवशी सारा गाव शाळेपुढं जमा. बैल दारापर्यंत आला अन अडकला. शिंगं चौकटीपेक्षा हातभर रुंद!

मी कपाळावर हात मारला. बाईले दिसलं नसन का? दिसलं होतं! नंतर तिनंच सांगतलं. "मंग बोलली काऊन नाई?" मी इचारलं, तं म्हने, "बैल त्यांचा आहे." आता अशा बाईले काय करावं, सांगा!

नानाजी सुतार म्हनले, "एक शिंग कापतो." लोकं त्यायच्या अंगावर धावले. सनाच्या दिवशी बैल खंडित करता? कोनी म्हनलं, आडवा करून काढा. तं म्हातारे नत्थूजी कडाडले, "पोळ्याले बैल आडवा पाडला म्हंजे मेला! गावाले अपशकुन करता काय?" झालं, लोकं दोन पावलं मागं सरकले. बाई तं भिंतीले टेकून हाताची घडी घालून उभी. आमच्या ह्यायनं माह्याकडं पाह्यलं. "हे शिकली तुही पोरगी?"

तेवढ्यात बैलाच्या मागून नलूचा आवाज, "बाबा, आमी त्याले मागं घेतो अन फिरवतो. तुमी कपिली गाईचं वासरू पोटातच फिरवलं होतं न, तसं!"

बापा बापा! पायाखालची जमीनच सरकली माह्या. गाय व्याले झाली का पोरीबाळीनं गोठ्याकडं फिरकायचं नाई, ही आमच्या घरची रीत. अन हे कार्टी कुडाच्या फटीतून पाहत होती! पाह्यलं तं पाह्यलं, भर गावात, मानसायपुढं बोलली! नत्थूजीच्या तोंडातली बिडी खाली पडली.

"राम राम!" ते म्हनले. "पोरी, आडवा बैल अशुभ असते."

"वासरू आडवंच पडते न, आजोबा. मंग उभं होते. त्याले कोनी मेलं म्हनते का?"

हे पुढं झाले तशी मी डोळे मिटले. वाटलं, आता पोरीच्या थोबाडात बसते. आवाज आला नाई म्हनून उघडले, तं हे दुपट्टा बाजूले टाकून, बाह्या सारून दारापुढं उकिडवे बसलेले.

"मागं घ्या रे पोट्टेहो. हळू. आता एका अंगावर करा. हां, मुंडकं आधी येऊ द्या."

एक शिंग वरत, एक खालत, असं मुंडकं आलं, मंग सारं धड. ह्यायनं त्याले अलगद झेललं अन चाकावर उभं केलं. गावानं अशी आरोळी ठोकली का झाडावरचे पाखरं उडाले.

घरी आल्यावर हे नलूच्या शाळेचं काहीच बोलले नाई. ना त्या दिवशी, ना नंतर. पोळा तं होऊन गेला होता. रोज सकाळी नलूची वेनी घालताना माहा जीव टांगनीले, आज म्हनतात का उद्या.

दिवाळी जवळ आली. एक दिवस भर दुपारी हे गोठ्यातून उठले, पायात चप्पल सरकवली अन तरातरा निघाले.

"कुठं?"

"नलूले आनतो."

संपलं! हातातली परात खाली पडली. मी तशीच मागं धावली, रडत, ह्यायले अन त्या बाईले, दोघायले शिव्या देत. शाळेच्या वळनावर थबकलीच.

समोरून नलू बापाचं बोट धरून येऊन राह्यली. मागं तानबा. त्याच्या मागं सारा वर्ग, एकामेकाचे सदरे धरून. अन सर्वायच्या मागं कोकिळाबाई, पदर खोचून.

"अवं, रस्त्यात काय उभी राह्यली?" हे माह्यावर ओरडले. "पांढरी गाय व्याले झाली. जाय लवकर, गोठ्याचं दार उघड!"