देवाची जादू मी एकट्या टोळीप्रमुखाला दिली

मित्रांनो, आज दुपारी अणदूरला आमच्या फासे टाकून गोष्ट रचायच्या खेळात, जो मीच चालवतो, गावच्या देवळातल्या मानकऱ्यांवरून मी नवा नियम केला: देवाचा मंत्र फक्त गोष्टीतल्या टोळीप्रमुखानं म्हणायचा.

संगीता खेळात मेंढपाळ होती. तिला खेळातल्याच मरणाऱ्या भावाला मंत्रानं वाचवायचं होतं.

मी म्हणालो, "तो मान प्रमुखाचा."

संगीता म्हणाली, "सर, प्रमुख तर लढाई सोडून कधीच पळाला! तुमी भाषणात लई गरजता, देव कुणाच्या मालकीचा न्हाय म्हणून. मग इथं मालक कशाला बसवला?"

सगळे हसले. मी मात्र हट्टानं नियम पुन्हा वाचला. खेळातला भाऊ मेला. संगीता फासे ठेवून निघून गेली.

नियम आता खोडलाय. पण तिला 'परत ये' असं कोणत्या तोंडानं म्हणू?