पोचबाईचं स्टूल

कारखान्यात तिला सगळे पोचबाई म्हणत. कुठेही कागद दिला की पोच घ्यायचीच, हा तिचा खाक्या. शाळेच्या कारकुनाने तिचा अर्ज हरवला आणि तिचं एक वर्ष फुकट गेलं, तेव्हापासूनचा. तिची जाऊ म्हणायची, हिच्याकडे वाटीभर साखर मागायची तरी सही करावी लागेल.

शिवलेले शर्ट तपासायचे, सुटे धागे कापायचे, हे तिचं काम. बावीस वर्षांत एक उसवलेली शिवण तिच्या नजरेतून सुटली नाही. मग ती जिन्यावरून पडली. मांडीच्या हाडात सळई बसली आणि डॉक्टरने लिहून दिलं, की दिवसभर उभं राहायचं नाही, बसून काम करायला हरकत नाही. तिने घरून स्टूल आणलं. मुकादमाने ते तिसऱ्याच दिवशी माळ्यावर टाकलं. एक बसली की चाळीस जणी बसतील, म्हणाला.

तिने मालकाच्या नावाने अर्ज केला. उत्तर नाही. दर महिन्याला एक, असे सात अर्ज झाले, आणि प्रत्येकाची मालकाच्या कचेरीचा शिक्का मारलेली पोच तिने घेतली. आठव्या महिन्यात, काम संथ झालंय म्हणून तिला घरी बसवलं. नवऱ्याने समजावलं, झालं गेलं विसरून जा. ती कसली विसरते! भाजी चिरतानाही तिला मालकाचं तोंड दिसायचं आणि सुरी जरा जोरातच चालायची.

तिने कामगार कार्यालयात दावा लावला. सुनावणीत मालकाने सरळ हात वर केले. आपल्याला यातलं काही ठाऊकच नव्हतं, सगळं मुकादमाने केलं. पोचबाईने पिशवीतून सात कागद काढून एकेक करून टेबलावर मांडले.

अधिकारीबाईंनी ते सावकाश पाहिले. "मुकादम तुमचा माणूस," त्या मालकाला म्हणाल्या, "कामावर त्याने केलं ते तुम्ही केलं. आणि ठाऊक नव्हतं म्हणायला या शिक्क्यांनी जागाच ठेवलेली नाही."

मालक तडजोडीला आला. नोकरी परत, बुडालेला पगार परत, स्टूल परत. पोचबाईने आणखी एक अट घातली, मालकाने सगळ्यांसमोर उभं राहून माफी वाचायची. मजकूर तिनेच लिहिला. मालकाचे गुडघे दुखतात हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तिने तो चार पानांचा केला. याची तिला तेव्हाही लाज वाटली नाही आणि नंतरही नाही.

वाचनाच्या दिवशी ती स्टुलावर ऐसपैस बसली. तिसऱ्या पानावर मालकाने टेबलाचा आधार घेतला. सगळ्या मशिनी बंद होत्या.

"जरा खुर्ची मिळेल का?" त्याने हळूच विचारलं.

"अर्ज करा," पोचबाई म्हणाली. "पोच घ्यायला विसरू नका."

कुणी हसलं नाही. मालकाने चौथं पान उलटलं.