हॉस्टेलच्या खोलीतलं जाळं

सात वर्षांपूर्वी, जुलैच्या पहिल्या रविवारी, पवनीहून भंडाऱ्याला लेकीचं सामान हॉस्टेलवर पोचवलं. गाडीभाडं आठशे ठरलं होतं, आणि खोलीत मी, लेक आणि पेटी वर आणून देणारा गाडीवाला असे तिघं होतो. ओल्या नायलॉनचा वास आला की तो दिवस आठवतो, कारण आम्ही ढिवर, मासे धरणारे, आणि गादी, भांडी मी माझ्या जुन्या मासोळीच्या जाळ्यात बांधली होती, दोनदा साबणानं धुऊन. खोलीत लेकीसोबत आणखी एक मुलगी राहणार होती, आणि दोघींना मिळून कपाट एकच होतं. लेक म्हणाली, "बाबा, जाळं परत नेऊ नका. भिंतीवर टांगू, पुस्तकं, कपडे, सारं मावते." मी खिळ्यांवर झोळीसारखं ताणून बांधलं, आणि ती हौसेनं त्यात पुस्तकं ठेवू लागली. तेवढ्यात दुसऱ्या मुलीची आई आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "अवं बाई, हे ढिवराचं जाळं इथं काहून टांगलं?" लेकीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "गाडीवाल्याचं आहे, काकू. नेऊन राहिले ते." गाडीवाल्यानं मान खाली घातली. मी पुस्तकं काढून पलंगावर ठेवली आणि गाठी सोडल्या. आता ती नोकरीला आहे, पण आम्ही दोघंही ह्याबद्दल कधी बोललो नाही. त्या दिवशी खाली येऊन मी गाडीवाल्याला ठरलेले आठशे दिले, आणि लेकीचा शब्द खरा व्हावा म्हणून ते जाळंही.