निंबाच्या जागी निंब

चर्चचं आवार आणि माझं मागचं अंगण यांच्यामध्ये एकच भिंत. भिंतीपलीकडे थोरला कडूनिंब होता. त्याचा पाला, निंबोळ्या, कावळ्यांची घाण, सगळं माझ्या अंगणात. शाळेतून निवृत्त झाले ती जणू झाडण्यासाठीच. फांद्या छाटा म्हणून फादरांकडे तीनदा गेले. ते दर रविवारी प्रवचनात सांगायचे, सृष्टी देवाची, आपण नुसते राखणदार. मी म्हटलं, मग राखणदारानं कधी झाडूही हातात घ्यावा. ते हसले. फांदी काही तुटली नाही.

माझा राग वाईट. निंबाच्या एका मुळीनं भिंत फोडून माझ्या बाजूला डोकं काढलं होतं. मी ती विळ्यानं सोलली आणि शेतात मारतात ते तणनाशक आठवडाभर तिच्यावर ओतलं. होळीपर्यंत निंब खडखडीत वाळला. वाळवी लागली, असं लोकांनी आपसात ठरवून तो तोडूनही टाकला.

अंगण स्वच्छ झालं आणि माझी झोप उडाली. शेवटी पापकबुलीला गेले. कबुलीच्या कोठडीतल्या जाळीपलीकडे फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याच जागी निंब लावा. कोणी त्याच्या सावलीत बसेपर्यंत पाणी तुम्हीच घाला."

मला वाटलं होतं, प्रायश्चित्त चार प्रार्थनांवर भागेल.

अकोल्यात नळाची वाट बघण्यात आठवडा जातो. मी रोपासाठी भाजी धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत साठवू लागले. मुलानं पुण्याला राहायला बोलावलं, त्याला दोनदा नाही म्हटलं, आणि का ते सांगता आलं नाही. पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांना मात्र कारण लगेच सापडलं. बाईंना झाडांचं भारी वेड, म्हणे.

तिसऱ्या उन्हाळ्यात फादरांची अचलपूरकडे बदली झाली. निरोप समारंभाच्या दोन दिवस आधी पॅरिश मंडळाचे सचिव घरी आले. "बाई, फादरच्या हातानं तुमचा सत्कार करून राहिलो आमी. तुमच्यावानी झाड कोनं जपलं नाई."

मी नको म्हटलं, तो त्यांना विनय वाटला. पाठ दुखते म्हटलं, तर खुर्ची पुढे ठेवतो म्हणाले. खरं कारण सांगायची छाती नव्हती. फादरांकडे जाण्यातही अर्थ नव्हता, कारण कबुलीत ऐकलेल्या गोष्टीवरून ते बाहेर बोट हलवू शकत नाहीत. हा सत्कार रद्द करणंसुद्धा त्यांच्या हातात नव्हतं.

समारंभात माझं नाव पुकारलं. फादर शाल-नारळ घेऊन समोर उभे राहिले आणि नारळाकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. शाल खांद्यावर आली तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "बाई, पाणी चालू ठेवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी त्यात धन्यवाद म्हटलं आणि त्या उकाड्यात शाल पांघरून, घामानं निथळत बसून राहिले. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

फादर गेले की सुटेन, असं मनात धरून होते. पण त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मी चारचौघांत रडले. मी खरी कशी आहे हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तोही निघून गेला. बायका पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, बाईंचा फादरांवर किती जीव.

पुढच्या रविवारी मिस्साची उपासना झाल्यावर मी बादली घेऊन गेले, तर नवे फादर रोपट्यापाशी उभे. रोप माझ्या खांद्याला आलं आहे, सावली अजून मांजरापुरतीच. तुमच्याबद्दल खूप ऐकलंय, म्हणाले. मग विचारलं, "इथला जुना निंब कशानं गेला हो, बाई?"

आसपास कोणी नव्हतं. सांगून टाकायला याहून बरी वेळ मिळाली नसती.

"वाळवीनं," मी म्हणाले.

त्यांनी हळहळून मान हलवली आणि माझ्या हातातली बादली घ्यायला हात पुढे केला. मी ती दिली नाही. शनिवारी पापकबुली आहे, आणि जाळीपलीकडे आता तेच बसणार आहेत.