गुलाबदाणीच्या बुडाखाली

तळवड्यात बफिंगचं काम करणारी कमरुन्निसा ही एकटीच बाई. नवरा गेल्यावर तिनं मोटर विकली नाही. तोंडाला ओढणी बांधून स्वतःच चाकासमोर बसली. नळ, हँडल, कुकरची झाकणं घासून चकचकीत करून द्यायची. हाताखाली लातूरकडची आम्रपाली होती, बारावी झालेली.

एका गुरुवारी गणराज शेठ आला. जुन्या वस्तूंचा व्यापारी, नेहमीचं गिऱ्हाईक. गुरुवारी सुट्टी, त्यामुळे शेजारचे गाळे बंद. शेठबरोबरच्या आडदांड माणसानं आत येताच शटर अर्धं खाली ओढलं.

शेठनं टॉवेलातून चांदीची गुलाबदाणी काढली आणि उलटी धरली. "चाची, ही अक्षरं घालवायची. मागमूस राहता कामा नये. मी इथंच बसतो."

बुडाला इंग्रजी कोरलेलं होतं. "काय लिहिलंय गं?" कमरुन्निसानं विचारलं.

आम्रपाली वाकून वाचू लागली. "लाडक्या मेरीला, लखनौच्या महालातून. मार्च १८५८." ती थबकली. "चाची, हे सत्तावन्नच्या बंडातलं. गोऱ्या शिपायांनी तिथले महाल लुटले होते. त्यातल्याच कुणीतरी बायकोला पाठवली असणार."

"तुला कुणी विचारलं?" शेठ खेकसला.

कमरुन्निसानं गुलाबदाणी दिव्याखाली धरली. इंग्रजीच्या कडेला काळ्या पडलेल्या बारीक रेघा होत्या, फारसी अक्षरांच्या. तिचे अब्बा मदरशात शिकवायचे, त्यामुळे ती लिपी तिला येत होती. तिनं अंगठ्यानं मळ पुसला. 'तोशाखाना', म्हणजे महालाचा जामदारखाना. आणि खाली, 'अमल-ए-रमजानी'. रमजानीनं घडवली.

शिपायानं बायकोचं नाव कोरताना त्या कारागिराच्या नावाला हात लावला नव्हता. ते आता तिनं घासून काढायचं होतं.

तिनं मोटर चालू केली. चाक घरघरू लागलं. गुलाबदाणी चाकापासून बोटभर अंतरावर आली आणि तिथंच थांबली.

"शेठ, माझ्याच्यानं हे होणार नाही."

"अर्ध्या मिनिटाचं काम आहे, चाची."

"ही चोरीची चीज आहे. पुन्हा चोरायला मी मदत करू?"

शेठ हसला नाही. "मग पोरगी करेल." त्याचा माणूस आम्रपालीच्या मागे जाऊन उभा राहिला.

कमरुन्निसानं खटका पाडला. मोटर, दिवा, सगळं बंद. "पळ!" ती ओरडली आणि गुलाबदाणी पोटाशी घेऊन खाली बसली. आम्रपाली शटरखालून निसटली. त्या माणसानं कमरुन्निसाचं मनगट धरून पिरगाळलं. हाडाचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. तरी दुसऱ्या हातातली गुलाबदाणी तिनं सोडली नाही.

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला एहसान आणि दोन टेम्पोवाले आम्रपालीच्या आरडाओरड्यानं धावत आले. शटर वर गेलं, शेठला आणि त्याच्या माणसाला त्यांनी अडवून धरलं. पोलीस यायला वीस मिनिटं लागली. तोवर ती तशीच बसून होती.

चौकीत शेठ म्हणाला, वस्तू आजोबांची आहे. कागद मात्र एकही नव्हता. पुरातत्त्व खात्याचा अधिकारी आला, त्यानं गुलाबदाणी ताब्यात घेतली. ती इथवर कशी आली याचा तपास अजून चालू आहे.

कमरुन्निसाचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. चाक आम्रपालीनं सांभाळलं. पोलिसांची भानगड नको म्हणून गाळामालकानं महिन्याभरात जागा सोडायला लावली. दोन गल्ल्या पलीकडे लहानशी जागा मिळाली. शेठ आणि त्याचा माणूस जामिनावर सुटले.

कोर्टात शेठच्या वकिलानं तिला विचारलं, "तुम्हालाच ती वस्तू ठेवून घ्यायची होती, खरं ना?"

"साहेब, ठेवून घ्यायची असती तर पोरीला आरडायला कशाला पाठवलं असतं?"

वकील खाली बसला.

बाहेर जिन्यात तोच आडदांड माणूस रेलून उभा होता. जिना अरुंद. आम्रपाली मागे सरली. कमरुन्निसानं तिचा हात धरला आणि त्याच्या अंगाला घासूनच दोघी खाली उतरल्या. बसमध्ये बसेपर्यंत तिनं तो हात सोडला नाही. पुढची तारीख डिसेंबरातली आहे. ती जाणार आहे.